वहीत नसलेलं बोलणं

मार्गशीर्ष, १९७५

प्रिय नंदा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र केदारखेड्याच्या पोस्टमननं मागच्या गुरुवारीच दिलं. उत्तराला उशीर केला तो मीच. तू मागितलेली गोष्ट या पाकिटात शोधू नकोस, सापडणार नाही. ती का नाही, हे सांगायलाच लिहितो आहे. घरी सगळं बरं आहे. थंडीनं तुझ्या आईचा गुडघा दुखतो, तरी ज्वारी राखायला जातेच. तांबड्या गाईला कालवड झाली.

गेल्या दिवाळीत तू जालन्याहून माझ्यासाठी चष्मा आणलास. दुकानात उभी राहून तू फ्रेम निवडली असशील, हे मनात येतं आणि मान खाली जाते. माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. मारुतीच्या देवळातलं पोथीवाचन मी सोडलं, त्याला डोळ्यांचं निमित्त मीच केलं. गावाला तेच सांगितलं, तुलाही तेच. चष्मा अजून कोनाड्यात पोथीशेजारी घडी करून ठेवलेला आहे.

बहात्तरच्या उन्हाळ्यात तू ट्रेनिंगहून सुट्टीत आलीस आणि शाळेच्या ओसरीत दुपारचे बायकांना शिकवू लागलीस. सातजणी यायच्या. त्यांत वयानं मोठ्या कांताबाई, बौद्धवस्तीतल्या भिवाच्या घरच्या. पंचायतीत बायकांच्या दोन जागा होत्या. एकीवर सरपंच अप्पारावांच्या चुलती झुंबरबाई, दुसरीवर त्या. तोवर कोतवाल सभेची वही घेऊन त्यांच्या घरी जायचा. झुंबरबाई भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं अंगठा द्यायच्या. वहीच्या पानांवर ते पीठ आजही दिसतं. कांताबाई मात्र तुला म्हणाल्या होत्या, “पोरी, आंगठा कुणाचाबी सारखाच दिसतो. मला माझं नाव लिव्हायचंय.” तीन आठवड्यांत त्या नाव लिहू लागल्या. वाचणं यायला वेळ होता, तेवढ्यात तुझी सुट्टी संपली.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. मार्गशीर्षात गावाला एक विहीर मंजूर झाली आणि ती कुठं पाडायची यासाठी चावडीत सभा बसली. ग्रामसेवकाकडे चार गावं, म्हणून माझं अक्षर चांगलं या कारणानं सभेची वही माझ्याकडे असायची. मीही पंच होतोच. कांताबाई त्या दिवशी स्वतः आल्या. बाईमाणूस सभेला येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सतरंजीवर कुणी सरकलं नाही. त्या उंबऱ्याशी बसल्या.

अप्पाराव हसून म्हणाले, “काय कांताबाई, घरात भिवा बोलू देत न्हाई काय?” सगळे हसले. मीही हसलो. त्या म्हणाल्या, “घरात बोलून पाणी लागलं असतं तर हितं कशाला आल्ते, सरपंच?” मग उठून उभ्या राहिल्या आणि बोलल्या. आमच्या तीस घरांच्या बाया नदीच्या पात्रात झिरे खांदून वाटीवाटीनं पाणी भरून राह्यल्या. एक घागर भरायला दोन तास लागतेत. वरल्या आळीला दोन विहिरी हायेत, गाळ काढला तर पाणी हाये. नवी विहीर आमच्या बाजूला पाडा. आन् ती पाडली की तिच्यावर समद्यांनी या, आम्ही कुणाला हटकणार न्हाई. वरल्या विहिरींवर त्यांना हटकणारे तिथंच सतरंजीवर बसले होते.

त्या बोलत होत्या तेव्हा माझा टाक थांबलेला होता. ठराव अप्पारावांनी आधीच सांगून ठेवला होता: विहीर देवळामागं, सर्वानुमते. मी तेवढंच लिहिलं. वही फिरली, सह्या झाल्या. कांताबाईंनी वही मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “मी बोलले ते लिव्हलं का? वाचून दावा, मंगच सही करीन.” अप्पाराव माझ्या कानाशी लागले, “वाच की अण्णा तिचं तिला. सकाळच्या एसटीनं कागद जायला पाहिजे.”

नंदा, मी वही हातात घेतली आणि वाचलं. पानावर नसलेलं सगळं वाचलं. झिरे, वाटी, तीस घरं, एक शब्द चुकला नाही. पोथी वाचतो त्याच आवाजात, बोट ओळीवरून फिरवत. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “बद्रीअण्णा, तुमच्या देवाला मी मानत न्हाई, पण तुमच्या वाचण्याला मानते.” आणि सही केली, तू शिकवलीस तशी, ‘कां’ मोठा काढून. नंतर दोन ओळी घालू, असं मी मनाशी म्हटलं होतं. पण सही ठरावाला चिकटून झाली होती. जागाच उरली नाही. उरली असती तरी मी लिहिलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

विहीर देवळामागं पडली. फाल्गुनात कांताबाईंच्या सासू चांगुणाबाई झिऱ्यात घसरल्या, खुबा मोडला. आठ महिने खाटेवर काढून गेल्या. सासू पडली तशा कांताबाई तालुक्याला अर्ज घेऊन गेल्या. तिथं साहेबानं नक्कल पुढं केली, “बाई, सही तुमचीच आहे.” त्या तो कागद घेऊन व्हरांड्यात बसल्या आणि अक्षराला अक्षर लावत दुपारपर्यंत वाचत राहिल्या. हे मला भिवानं सांगितलं. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी मी देवळाच्या ओट्यावर पोथी उघडत होतो. त्या रस्त्यावर थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही लई चांगलं वाचता.” आणि गेल्या. त्या दिवसापासून माझ्यानं पोथी वाचवली नाही. तुला त्यांनी यातलं काही कळवलं नाही, हे तुझ्या पत्रावरून समजलं. मला वाटतं, तुझा बाप तुझ्यापाशी तेवढा तरी राहू दिला त्यांनी.

महिला वर्षाच्या मेळाव्यात, गावाकडून कानावर आलेलं कांतामावशीचं ते चावडीतलं बोलणं जालन्याला वाचून दाखवायचं आहे, तर वहीतून उतरवून पाठवा, असं तू लिहिलंस. वहीत ते नाही, बाळ. म्हणून मी आठवेल तसं एका कागदावर लिहिलं आणि परवा तीन वर्षांनी त्यांच्या दारात गेलो. वाचून दाखवू का म्हटलं, तर हात पुढं केला, “द्या इकडं.” बोट न लावता वाचलं. मी ‘विनंती केली’ असं लिहिलं होतं, ते पेन्सिलीनं खोडलं आणि वर लिहिलं, ‘सांगितलं’. त्या कागदाखाली मी लिहून दिलं की हे बोलणं मी ऐकलं होतं, लिहिलं नव्हतं, आणि लिहिलं आहे असं भासवून वाचलं होतं. सही केली. तो आता विहिरीसाठीच्या त्यांच्या नव्या अर्जासोबत तालुक्याला जाईल. अप्पाराव काय म्हणतील ते म्हणोत. नक्कल तुला पाठवतो म्हटलं, तर म्हणाल्या, “कागद कशाला धाडता? मी काय मेले न्हाई अजून. मीच येते. मी वाचीन, तुम्ही खाली बसून आयका.” रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघतो आहोत. त्यांना स्टँडवर घ्यायला ये. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. मी मागं दाराशी बसेन, माझ्यासाठी जागा धरू नकोस.

तुझाच,
अण्णा