दाजींकडचं बदक

सान फर्नांडो, त्रिनिदाद
३ मे १९८७

ती. जगरूप दाजींस, बिसरामचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यासाठी आणि धक्क्यावर तुमच्याभोवती बसून ऐकणाऱ्या सगळ्या खेकडेवाल्यांसाठी आहे. ज्या खाडीत तुमच्या आजा-पणजांनी चिंबोऱ्या धरल्या, तिच्या तोंडाला अभयारण्याने साखळी घातली. पाहुण्यांची बोट आली की ती खाली जाते, तुमची होडी आली की वर येते. सोमवारी, ११ मेला, मी तुमच्या वतीने सरकारी समितीपुढे यावरच बोलणार आहे.

गेल्या आठवड्यात तुमच्या लेकीने, चि. फुलमतीने, मला अभयारण्याच्या नोकरीतल्या तिच्या सरकारी बोटीतून आत नेलं. मी तोंड उघडलं की दटावायची: इथे सभा नाही मामा, पक्षी उडतील. मग बाकदार चोचीचे ते शराटी पक्षी झाडांवर मुक्कामाला उतरले आणि हिरवं कांदळवन बघता बघता तांबडं झालं. पिल्लं मातकट असतात, चिखलातले बारके खेकडे खाऊन त्यांना तो रंग चढतो, असं तिने शिकवलं. म्हणजे पक्षी आणि तुम्ही एकाच चिखलावर जगता. समितीला हेच सांगेन, आणि छातीवर हात ठेवून सांगेन की खेकडेवाल्याने आजवर एकाही पक्ष्याला हात लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी घातलेल्या पंगतीतलं बदक अजून जिभेवर आहे, असं ताईला कळवा. दाढेचा टवका मात्र उडाला. तुमचं बदक फार म्हातारं होतं.

लोभ निकालावर अवलंबून नसावा.

तुमचा मेहुणा,
बिसराम


खाडीचा धक्का
६ मे १९८७

ती. बिसराममामांस, फुलमतीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांनी धक्क्यावर माझ्याकडूनच वाचून घेतलं. एकाही पक्ष्याला हात लावलेला नाही, इथवर आले तेव्हा सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. बदकाचं वाचलं तेव्हा सगळ्यांना हसू फुटलं. कुणीतरी बाबांना विचारलं, काय रे जगरूप, तुझं बदक रात्री झाडावर झोपायचं का. मी घडी घालून पत्र बाबांच्या हातात दिलं आणि निघून आले.

मामा, ते बदक नव्हतं. पंगतीच्या दिवशी सकाळीच मला चुलीमागच्या राखेत तांबडी पिसं दिसली होती. म्हणून मी पंगतीत नुसती डाळपुरी आणि आंब्याची चटणी घेतली. सरकारी नोकरीने पोरगी नाजूक झाली, असं तुम्ही चिडवलंत. आई मान खाली घालून वाढत राहिली.

बाबांवर रागवू नका. आजा लग्नाच्या पंगतीत आणि मानाच्या पाहुण्याला हाच पक्षी वाढायचा. तुमच्या पानात बाजारातलं बदक वाढणं म्हणजे बाबांना स्वतःचं नाक कापून घेतल्यासारखं वाटलं असतं.

माझी लाज वेगळीच आहे. त्या संध्याकाळी परत आल्यावर बाबांनी विचारलं होतं, मामाला कुठे नेलंस, हल्ली पक्षी कुठे बसतात. माझ्या कामाबद्दल त्यांनी काही विचारायची ती पहिलीच वेळ. मी हरखून सगळं सांगितलं. कुठलं वळण, कुठलं झाड. आता त्या झाडावर कुणी उतरत नाही. मी तिथेच बोट थांबवते आणि वारा फिरलाय म्हणून पक्षी आले नाहीत असं पाहुण्यांना सांगते. साहेबांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं.

समितीपुढे तेवढं वाक्य बोलू नका. बाकी काय करावं ते मला सुचत नाही.

आपली माया असू द्या, मी तिला पात्र नसले तरी.

तुमची भाची,
फुलमती


सान फर्नांडो
८ मे १९८७

ती. दाजींस सा. न. वि. वि.

हे पत्र ताईकडून वाचून घ्या. पोरीला पुन्हा वाचायला लावू नका.

माझ्या दाढेचा टवका हाडाने उडाला नव्हता. तो बंदुकीचा छर्रा होता. पाळलेल्या बदकाला छर्रे नसतात, हे उसाच्या मळ्यात वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मी तो रुमालात थुंकलो आणि पान पुढे केलं, अजून वाढा म्हणून. तुम्ही सगळे इतक्या कौतुकाने बघत होतात की मला खरं कळून घ्यायचंच नव्हतं. मग घरी येऊन तुम्हाला ते छातीवर हात ठेवण्याचं वाक्य लिहिलं. मजुरांच्या बाजूने मळेवाल्यांचं खोटं चव्हाट्यावर मांडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने.

साखळी अन्यायाचीच आहे, हे मी आजही म्हणतो. पण तिच्याविरुद्ध बोलायला तोंड स्वच्छ लागतं, आणि माझ्या ओठांना अजून तो रस्सा लागलेला आहे.

तरी पक्ष्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. तुम्ही लेकीला तिच्या कामाचं विचारलंत आणि ती हरखली. तो आनंद आपण दोघांनी मिळून खाल्ला, दाजी. आता ती पोर आपल्यासाठी रोज खोटं बोलते.

सोमवारी मी समितीपुढे आधी हे सांगेन, मग साखळीचं. तुम्हाला दंड होईल, कदाचित तुरुंगही. मलाही होऊ दे. खेकडेवाले मला शिव्या देतील, त्या मी ऐकून घेईन.

लोभ राहू द्या, असं आज कोणत्या तोंडाने लिहू. ते नंतर मागेन. रविवारी सकाळी लख्ख उजेडात बंदूक होडीत घाला, साखळीपर्यंत वल्हवत या आणि फुलमतीच्या हातात द्या. पक्षी कुणी मारला विचारलं तर तुमचं नाव सांगा, कुणी खाल्ला विचारलं तर माझं. मी तिथे तिच्याशेजारी उभा असेन. या.

बिसराम