समुपदेशकाचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार
टेकडीपुऱ्याच्या नागरी आरोग्य केंद्रात हजर झालो. संताप. अठरा वर्षं मोठ्या दवाखान्यात एचआयव्ही समुपदेशक होतो. स्वतंत्र खोली, दाराला कडी. आता वरून आदेश: वस्तीतल्या लोकांना एचआयव्हीची तपासणी आणि सल्ला ताप-खोकल्यासोबत एकाच ठिकाणी द्या. म्हणजे मी आणि खोकल्याचं औषध एका लायनीत. डॉक्टर पुष्पांजली मॅडम म्हणाल्या, बीपी-शुगर बघतानाच विचारू, वेगळं काही दिसायला नको. (मॅडमचं वय माझ्या नोकरीपेक्षा थोडंच जास्त.) मी सांगितलं, हा विषय इतका स्वस्त नाही. वेगळं टेबल घेतलं. वर लाल पाटी: एचआयव्ही समुपदेशन.
संकल्प: महिन्यात तीनशे तपासण्या. आवाज चढवायचा नाही.

६ नोव्हेंबर
तपासण्या शून्य. पाटीवरची अक्षरं लहान पडली असावीत. मोठी करून घेतली. आशा सेविका वंदना म्हणे, 'सर, या पाटीखाली बसलेली बाई घरी जाऊन काय सांगन?' तिला पाऊण तास समजावलं. ती घड्याळ पाहत होती. अशांमुळेच देश मागे.

१० नोव्हेंबर
दोघं आले. एकाला उत्पन्नाचा दाखला हवा होता, दुसऱ्याला मोबाइल चार्ज करायचा होता. दोघांनाही समुपदेशन दिलं. रजिस्टरला नोंद: दोन.

१४ नोव्हेंबर, दुपार
पेन टेबलावर आपटलं. रागानं.
दीपमाला. सातवा महिना, पहिल्यांदाच दवाखान्यात. मॅडमनी बाकीच्या तपासण्यांसोबत बोटातलं रक्त घेतलं. पहिली टेस्ट पॉझिटिव्ह. पक्कं करायला आणखी तपासणी लागते, आणि गोळ्या वेळेवर सुरू झाल्या तर बाळाची लागण टळू शकते. तिला एवढंच सांगायचं होतं. मी नियमाप्रमाणे आधी हिस्ट्री घेतली. नवरा कुठे कुठे कामाला जातो, लग्नाआधी कोणाशी संबंध होते. ओरडलो नाही. माझा आवाज मुळातच स्पष्ट आहे. बाकावरचे सगळे वळून पाहू लागले, त्यात माझा काय दोष? ती उठली आणि चालती झाली. फाइलही नेली नाही.
शेरा लिहिला: रुग्ण सहकार्य करत नाही.

१७ नोव्हेंबर
दीपमालाच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणे, माहेरी गेली, धाड गावाला. मॅडम मला दार लावून बरंच बोलल्या. वंदनानं तिची फाइल माझ्या टेबलावरून उचलून नेली. ते जास्त लागलं.

१९ नोव्हेंबर
स्वतः धाडला गेलो. जीपमध्ये पाय आखडले. बाजारात तिघांना विचारलं, टेकडीपुऱ्याहून आलेली गरोदर बाई कोणाची? काम काय ते अजिबात सांगितलं नाही. गोपनीयता म्हणजे माझा प्राण. एकानं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र मोठ्यानं वाचलं. घोळका जमला. मग तिचा भाऊ आला. काय बोलला ते लिहीत नाही. मिळेल त्या जीपनं परत.
लोकांना मदतीची किंमत नाही.

२६ नोव्हेंबर
वंदना रविवारी धाडला गेली होती, आपल्या सुटीत. म्हणे, दिवसभर दीपमालाच्या आईसोबत तुरीच्या शेंगा सोलल्या, हा विषयच काढला नाही. संध्याकाळी पोरगी आपणहून बोलली: 'गोळ्या घेईन. नवऱ्यालेही घेऊन येईन. पण त्या सरासमोर मले बसवू नका.' काल दोघांची तपासणी बुलडाण्याला झाली. तिच्या गोळ्या सुरू.
पायाभरणी माझीच होती. हे कोणी म्हणत नाही.

२ डिसेंबर
काल एड्स दिनानिमित्त बुलडाण्याला माझं भाषण. विषय: विश्वास. इकडे मॅडमनी माझं टेबल भिंतीला सारलं आणि बीपीच्या लायनीतच एकेकाला आत घेऊन विचारलं. एका दिवसात एकेचाळीस तपासण्या. माझ्या महिनाभरात चार. निषेधाचं पत्र लिहिलं. पाठवलं नाही, पेनची रिफिल संपली.

५ डिसेंबर
दीपमाला तपासणीला येणार होती. ठरवलं होतं, हळू आवाजात सांगायचं की त्या दिवशी माझं चुकलं. सकाळी दोनदा म्हणून पाहिलं.
ती फाटकाशीच थांबली. वंदनाला विचारताना ऐकलं, 'ते सर हायेत का?' वंदना म्हणे, 'हाव.' नवऱ्यानं तिची पिशवी उचलली, परत निघायला. तेव्हा मॅडम माझ्याकडे आल्या. अगदी नरमाईनं म्हणाल्या, भागवत सर, तुम्ही जरा चहा घेऊन या.
मागच्या दारानं गेलो. टपरीवरून दिसत होतं. ती आत गेली, बायकांमध्ये बाकावर बसली. कोणी वळून पाहिलं नाही.
चहा संपला. ती अजून आतच होती. आणखी एक सांगितला.