दोन विहिणी, दोन सरकारं

शुक्रवार, ३ मे

आले जॉर्डनहून! होणारा जावई मुताझ, त्याची आई, त्याचे वडील — तिघंही. ट्यूनिसच्या विमानतळावरून आमच्या महदियापर्यंत योसरनंच गाडी हाकली. दमलेली नाही, नुसती चमकतेय माझी लेक.

मुलगा चांगला आहे. खोट काढायची म्हटलं तरी सापडत नाही. पण तो तिला जॉर्डनला नेणार, हे काही घशाखाली उतरत नाही. आमचे हे वारल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती गेली की मी आणि समोरचा समुद्र.

तिला हे सांगायचं नाही!

शनिवार, ४ मे

भांडले. पहिल्याच जेवणात!

माशाचा कुसकुस वाढत होते. मुताझची आई हैफाबाई तिकडे साल्ट गावात सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका. मीही इथल्या सरकारी शाळेत बाई, निवृत्तीला दीड महिना उरलेली; म्हणजे माझ्याच जातकुळीच्या. सहज म्हणाल्या, "आमचं सरकार शिक्षणावर सढळ हातानं खर्च करतं हो. योसरच्या मुलांची काळजीच नको."

मुलांची! अजून साखरपुडा व्हायचाय!

मी डाव खाली ठेवला. "आमचं जास्त करतं."

"दर मुलामागे बघा की, विहीणबाई. आमचे इतके दिनार —"

"दिनार कुणाचे? तुमचा एक म्हणजे आमचे चारावर. देशाच्या कमाईतला हिस्सा किती, ते बोला!"

"मासा फार छान झालाय," मुताझचे वडील म्हणाले. कुणी ऐकलंच नाही. योसरनं टेबलाखालून लाथ मारली — मला मारायची ती बिचाऱ्या सासऱ्यांना!

रविवार, ५ मे

सकाळी बघते तर हैफाबाई ओसरीत चष्मा लावून मोबाइलवर वाचत बसलेल्या. दोन्ही सरकारांचे आकडे शोधून काढलेले.

"हिस्सा तुमचाच मोठा, विहीणबाई. मानलं."

मी अशी फुगले! पुदिन्याच्या चहात मूठभर बदाम जास्त घातले. चहा संपवून बाई म्हणतात कशा, "उद्या तुमची शाळा दाखवाल?"

मेले!

सोमवार, ६ मे

दाखवली. न दाखवून सांगते कुणाला? तिसरीच्या वर्गातलं पोपडे आलेलं छत, तुटकी बाकं, सगळं बघितलं बाईंनी. एकेक बाक हलवून बघितलं. ते जास्त झोंबलं.

शेवटी म्हणाल्या, "एवढा मोठा हिस्सा जातो कुठे?"

"पगारात. छताची पाळी येईपर्यंत वर्ष सरतं."

आता टोमणा येणार म्हणून मी पदर खोचून तयार. पण त्या मटकन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. "आमचंही ऐका. सकाळी आमची मुलं, दुपारी युद्धामुळे सिरियातून आलेली. तीच बाकं, तोच फळा. दुपारच्या पाळीला बाई टिकत नाहीत. ते कुठल्या आकड्यात दिसतं?"

मीही त्यांच्याशेजारी बसले.

मग त्या माझ्या वर्गात शिरल्या. त्यांच्या बोलीला पोरं खुसखुसली, त्याही हसल्या. विचारलं, "तुम्ही सरकार असतात, तर शाळेसाठी काय आणलं असतं?"

"पोहायचा तलाव!"

"समुद्र काय कमी पडला का रे?"

एक मुलगी हळूच म्हणाली, "संडासाला कडी." आणि मागून कुणीतरी — "आमच्या बाईंना नवा घसा!"

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. येताना कडी विकत घेतली. हैफाबाईंनी पैसे देऊ दिले नाहीत. "हा जॉर्डन सरकारचा खर्च," म्हणाल्या!

बुधवार, ८ मे

साखरपुडा झाला. फातिहाची प्रार्थना झाली आणि हैफाबाईंनी आनंदाची अशी आरोळी दिली की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "यात तरी हिस्सा आमचा मोठा!" — माझ्या कानात.

नंतर स्वयंपाकघरात मला रडताना पकडलं त्यांनी.

"कांदा?"

"नाही. लेक चाललीय."

माझ्याशेजारी ओट्याला टेकल्या. "मी ते सरकारचं पुराण का लावलं होतं, वाटतं तुम्हाला? माझाही एकुलता एकच आहे. वाटलं, ही बाई माझ्या पोराला इथंच ठेवून घेणार."

अगं बाई! म्हणजे दोन्ही देशांचं शिक्षण आम्ही यासाठी पणाला लावलं होतं!

शुक्रवार, १० मे

पाहुणे गेले. घर केवढं मोठं झालं.

शनिवार, १ जून

मुताझला इकडेच, स्फॅक्सला नोकरी मिळाली! स्फॅक्स — इथून गाडीनं दोन-अडीच तास! योसर कामावरून फोनवर किंचाळत होती, मी इकडे परातीभोवती नाचत होते.

मग एकदम हैफाबाई आठवल्या. फोन लावला. बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, "अभिनंदन, विहीणबाई. पोरगा माशाचे काटे नीट काढत नाही, लक्ष ठेवा." आवाज हसरा होता. मला माहीत आहे तो कसा हसरा करतात.

"तुमच्या दुपारच्या पाळीचं काय?" मी विचारलं.

"तसंच. अजून दोघीजणी कमी झाल्या."

शनिवार, २२ जून

आज निवृत्त झाले. हार, बडबड, बदामाची मिठाई, पोरांच्या गळामिठ्या.

योसर म्हणाली, "आई, आता आराम कर."

पासपोर्टचं काम झालंय. सप्टेंबरपासून वर्षभर हैफाबाईंच्या शाळेत दुपारची पाळी शिकवायची, राहायचं त्यांच्याकडेच. लेक राहतेय इथंच. जॉर्डनला मी चाललेय!