राजपुत्राचं पोट

मु. पिंपळखुट, तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा
कार्तिक वद्य पंचमी

चिरंजीव डोमाजी यास तुझ्या भाटव्याचे अनेक आशीर्वाद. तीर्थरूप मामंजींना साष्टांग नमस्कार सांगणे. त्यांचा खोकला थांबला असावा. (नसला तर अडुळशाचा काढा द्यावा आणि विडी लपवावी.) इकडे सर्व कुशल आहे. तुझी ताई, म्हणजे आमची सौभाग्यवती धुरपता, खुशाल आहे, बैल खुशाल आहेत, धान कापून झाला आहे. मी कसा आहे ते सविस्तर लिहितो, म्हणजे आधी तुझं जेवण उरकून घे.

आमच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात राजपुत्र प्रतापभान आपल्याच घरचा असतो, हे तुला ठाऊक आहे. नाटक आमच्या मंडळीचे तालीममास्तर बापूजी यांनी स्वतः लिहिलेलं. माझ्या वडिलांनी राजपुत्र केला, त्यांच्यामागे मी करत आलो, आणि गावात आजही आमच्या घराला ‘राजपुत्राचं घर’ म्हणतात. पण तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम झाल्यापासून उन्हाळ्यात जेवढा मी जंगलात फिरतो त्याच्या दसपट बाकी वर्षभर गादीवर बसतो. त्याचा परिणाम अंगरख्यात मावेना. या दसऱ्याला बापूजींनी सर्वांसमोर सांगून टाकलं, “मुनीमजी, राजपुत्र दोन अंक उपाशी बंदिखान्यात राह्यते. तुमाले पाहून लोकं म्हणतीन, असा बंदिखाना आमालेबी पाह्यजे.” रंगीत तालमीत पोट दिसलं तर राजपुत्राचा विडा भातगिरणीवाल्या मुखरूला. (ज्याने विडा खाल्ला त्याची भूमिका पक्की, हा आमच्या मंडळीचा रिवाज.) मुखरू! ज्याला ‘प्राणनाथ’ आणि ‘पाणी आण’ एकाच सुरात म्हणता येतं! मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. (लागलं नाही म्हणजे गेलं, पण गोड लागलं नाही.)

तेव्हा एका मासिकात जाहिरात पाहिली. ‘पोट सपाट! व्यायाम नको, उपास नको! विजेचा पट्टा!’ चित्रात एक गृहस्थ आरामखुर्चीत पेपर वाचतो आहे आणि पोट आपलं आपण आत चाललं आहे. हा व्यायाम माझ्या प्रकृतीला मानवणारा वाटला. व्ही. पी.ने पट्टा मागवला. कॅनव्हासचा पट्टा, त्याला पोटावर येणाऱ्या दोन पितळी पट्ट्या, पाठीमागे ब्याटरीचे सेल घालायची डबी आणि एक बटण. पट्ट्यांखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवायचं. बटण फिरवलं की डबी भुंग्यासारखी गुणगुणते आणि पोटावर लाल मुंग्यांचं वारूळ फुटल्यागत होतं. पहिल्याच दिवशी मी ओरडलो तो धुरपता झाडू घेऊन धावत आली. तिला वाटलं, घरात साप निघाला. गावभर झालं की वीज अजून ब्रह्मपुरीच्या पुढे सरकली नाही, पण मुनीमजीच्या पोटात पोचली.

मी परीक्षा मात्र पद्धतशीर घेतली. सुतळीने पोट मोजून गाठ मारली, रोज सकाळी पट्टा बांधला, हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने पुन्हा मोजलं. गाठ जिथल्या तिथे. एकदा गाठ बरीच आत आली, तेव्हा आनंदाने शेजारी सांगून आलो. मग कळलं की मी श्वास रोखला होता. शिवाय एक अडचण जाहिरातीत लिहिलेली नाही. मेहनत पोटानेच केल्यामुळे भूकही पोटालाच लागते. पट्टा सोडला की मी वाढीव भाकर मागायचो, व्यायाम झालाय म्हणून. धुरपता म्हणाली, “हा पट्टा पोट कमी कराचा हाय का वाढवाचा?”

पण एक शोध लागला. बटण पुरतं फिरवलं की पट्टा चालू असेपर्यंत पोट आत ओढलेलं राहतं. मग कमी कशाला व्हायला हवं? तालमीपुरतं आत राहिलं तरी पुष्कळ! म्हणून रंगीत तालमीला, भर दुपारी, सगळा गाव समोर बसलेला असताना, मी अंगरख्याखाली पट्टा बांधूनच रंगभूमीवर गेलो. डोमाजी, काय दिसत होतो म्हणून सांगू! बापूजींनी मान डोलावली. मुखरूचं तोंड उतरलं. गुणगुण ऐकू येत होती, ती पेटीवाल्याने आपल्या पेटीचीच समजून दोनदा भाता तपासला.

तिसऱ्या अंकात राजपुत्राला बाण लागतो. मी पडलो, मेलो, आणि नेमके तेव्हाच सेल उतरू लागले. पोट धरून ठेवण्याइतका जोर त्यांच्यात उरला नाही, सोडून देण्याइतका शहाणपणाही नव्हता. पोट आत-बाहेर, आत-बाहेर. बटण पाठीखाली दाबलेलं, आणि मेलेल्या माणसाने हात हलवायचा कसा? तेवढ्यात राजमाता, म्हणजे लच्छू शिंपी, ‘बाळा’ म्हणून टाहो फोडत माझ्यावर पडली. घामाने पट्टा आधीच निथळत होता, त्यावर तिचा ओला गाल. राजमाता ताडकन उठली, नऊवारी वर धरली आणि “मायबाई, हा चावरा मुडदा हाय!” म्हणत थेट बोरीच्या झाडापर्यंत पळाली. गाव हसून लोळला. बापूजी शांतपणे म्हणाले, “मुनीमजी, राजपुत्र मेला. पोट काऊन जित्तं राह्यलं?”

राजपुत्र गेला. मला राजवाड्यातला आचारी दिला आहे. एकच वाक्य, ‘ताट वाढलं आहे, महाराज.’ त्या दिवशी घरी येऊन मी खरोखर रडलो, हे तुला म्हणून सांगतो. पट्टा निव्वळ फसवणूक आहे. कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. लहानांस आशीर्वाद.

तुझा भाटवा,
चैतराम

ता. क. मुखरूला विडा मिळू नये म्हणून मी तुझं नाव सांगितलं. तुझ्या लग्नात तू घोड्यावर कसा शोभला होतास ते सर्वांना आठवतं. मेहुणा घरचाच, असं बापूजींनी मान्य केलं आणि राजपुत्राचा विडा काढला. तू हजर नव्हतास, म्हणून तुझ्या वतीने मीच खाल्ला. खाल्लेला विडा परत करता येत नाही. तरी मंडईला ये. नाही म्हणू नको, आपल्या घराचं नाव आहे.

ता. क. दुसरा. धुरपता आत्ता सांगते (विडा खाऊन झाल्यावर!) की यंदा भाऊबीजेला ती माहेरी आली तेव्हा ओवाळून झाल्यावर तुला पाटावरून उठवायला दोघं लागले. चिठ्ठी आणणाऱ्या इतवारी गाडीवानाजवळ पट्टा आणि नवे सेल पाठवले आहेत. वर जे लिहिलं ते फक्त माझ्या पोटाविषयी समजावं. तुझ्या पोटाला गुण येईलच. आजच बांध.