फिदेन्सिओच्या नावाचं बिल

चोलुला, ९ नोव्हेंबर

प्रिय आई,

हे पत्र ओब्दुलियामावशी तुला वाचून दाखवत असेल. आपल्या घराला नंबर नाही नि गल्लीला नाव नाही, म्हणून मी ते तिच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलंय. मावशी, हळू वाच, मधलं काही गाळू नकोस, आणि माझ्या अक्षराला हसायचं असेल तर शेवटी हस. आई, पहिली गोष्ट ही की मी जिवंत आहे. हातपाय धड आहेत, वरचा एक दात गेलाय, बाकी सगळं तू दिलं होतंस तसंच आहे. सहा वर्षांपूर्वी ‘सायकलचं पंक्चर काढून येतो’ म्हणून बाहेर पडला, तोच मी, सेल्विन. चुलीवर लाल राजमा रटरटत होता आणि तू आतून ओरडलीस, येताना मीठ आण. ते मीठ अजून राहिलंय.

का गेलो, याचं मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं काही नव्हतं. माझे पाय तुला ठाऊक आहेत. शाळेत पाचवीपर्यंतसुद्धा टिकले नाहीत, सुताराकडे दोन महिने. सीमा ओलांडली तेव्हा ठरवलं, काम लागलं की कळवू. काम लागलं तेव्हा वाटलं, चांगलं लागलं की कळवू. मग इतके दिवस झाले की काय तोंडानं कळवू असं झालं. तापाचुला, वेराक्रूस, केरेतारो, मध्ये दोन गावं अशी की त्यांची नावंही मला नीट लिहिता येत नाहीत. सगळीकडे खोली घेतली आणि सगळीकडे ती सोडली. राहायचं कार्ड मात्र मिळालं, कायमचं. त्यावर माझा फोटो आहे, चोरासारखा दिसतो.

आता पाणी पोचवतो. वीस लिटरचे जार, तीनचाकी सायकलवर दहा एका फेरीला. इथं नळाचं पाणी कुणी पीत नाही, त्यामुळे माझं सगळ्यांशी जमतं. कोणाच्या घरी कुत्रा चावरा, कोणाच्या घरी नवरा, सगळं मला ठाऊक. इथला राजमा काळा असतो. सवय झाली, पण आवडला असं म्हणणार नाही.

राहतो अंपारोमावशीच्या गच्चीवरच्या खोलीत. सत्तरीची बाई, एकटीच. पहिल्याच दिवशी तिनं मला कायदे सांगितले. कचऱ्याची घंटा वाजली की पळायचं, ती गाडी कुणाच्या बापासाठी थांबत नाही. गॅसवाला ओरडला की गच्चीवरून ओरडायचं, खाली येईपर्यंत तो पुढच्या गल्लीत. आणि फाटकाखालून आलेला कागद कुणी उचलायचा नाही, तो मी उचलणार. मी म्हटलं, बरं. रोज सकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझ्यासाठी दालचिनीच्या कॉफीचा मग झाकून ठेवलेला असायचा. वर तोंडानं शिव्या. ‘काय रे, होंडुरासात उन्हं डोक्यावर आल्याशिवाय उठत नाहीत का?’

मग पाण्याच्या दुकानाचा मालक म्हणाला, सेल्विन, तुला कायम करतो, विमा भरतो, पण आधी कागद नीट कर. परदेशी माणसानं पत्ता बदलला की सरकारला कळवायचं असतं, आणि मी पाच पत्ते बदलून एकदाही कळवलं नव्हतं. पत्त्याचा पुरावा म्हणजे इथं विजेचं बिल. आई, आपल्याकडे पत्ता म्हणजे ‘टाकीमागचं हिरवं दार’. इथं माणूस स्वतः उभा राहून सांगतोय मी अमुक ठिकाणी राहतो, तरी त्याला कुणी विचारत नाही, बिल बोलतं. मावशीनं मला बिलाची झेरॉक्स दिली. त्यावर नाव होतं फिदेन्सिओ कुआउत्ले. सरकारी कचेरीच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, ‘हा घरमालक का?’ म्हटलं, नाही, घरमालकीण आहे. ‘मग हा कोण?’ मला काय माहीत! ती म्हणाली, ‘एक तर ह्याची सही आण, नाहीतर बिल तुझ्या नावावर करून घे. वीजवाल्यांकडे दहा मिनिटांचं काम आहे, पोरा, तोंड पाडू नकोस.’

खरंच दहा मिनिटं लागली. भाडेकरार दाखवला, कार्ड दाखवलं, सही केली. मावशीला विचारलं नाही. वाटलं, कशाला म्हातारीला रांगेत उभं करा, तिचा त्रासच वाचेल. येताना गोड पाव घेऊन आलो. सहा वर्षांत पहिल्यांदाच एक काम शेवटापर्यंत नेलं होतं.

ऑक्टोबरात बिल आलं. मावशीनं फाटकाखालून उचललं, नेहमीसारखं एप्रनला पुसलं. तिला वाचता येत नाही, पण बिलावरच्या नावाचं पहिलं अक्षर ती ओळखते. कागद उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. ‘हे शेजाऱ्याचं चुकून आलंय का रे?’ आणि मी छाती फुगवून सांगितलं, नाही मावशी, आपलंच आहे, आता माझ्या नावावर! ती फक्त ‘अस्सं’ म्हणाली आणि कागद माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पायरीवर कॉफीचा मग नव्हता. त्यानंतर ती मला ‘अहो’ म्हणायला लागली. ‘तुमचे कपडे वाळलेत.’ शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

आमच्या कोपऱ्यावर काता बसते, तव्यावर मक्याच्या जाड भाकऱ्या भाजते. तिनं माझ्या हातावर भाकरी ठेवली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला झोडपलं. ‘गाढवा, फिदेन्सिओ तिचा पोरगा! अठरा वर्षं झाली त्याला उत्तरेला, सीमेपार कामाला जाऊन. चिठ्ठी नाही, फोन नाही. वीज त्यानंच आणली होती घरात, म्हणून त्याचं नाव. दर दोन महिन्यांनी तो कागद यायचा आणि ती मला येऊन सांगायची, पोराचं पाकीट आलं. आमच्यापैकी कुणी हसलं नाही कधी. सरकारसुद्धा त्याला जिवंत धरत होतं! आणि तू सहा महिन्यांचा भाडेकरू, तू त्याला पुसलास.’ भाकरी मी तशीच कागदात गुंडाळली. मावशीच्या देवीच्या तसबिरीखाली बिलांचा गठ्ठा होता, लाल फितीनं बांधलेला. मी समजत होतो, हिशेबासाठी ठेवलाय.

मी वीजवाल्यांकडे धावलो. म्हटलं, ताई, होतं तसं करा. खिडकीतली पोरगी भली होती. म्हणाली, त्यांना ओळखपत्र घेऊन पाठवा. म्हटलं, ते इथं नाहीत. म्हणाली, मग मृत्यूचा दाखला आणा, तसं नोंदवते. मी हात जोडले आणि बाहेर आलो.

तोवर मेलेल्यांचा सण आला. घराघरांत टेबलं मांडली, झेंडूची फुलं, पाव, गेलेल्यांचे फोटो. मावशीनं नवऱ्याचा फोटो मांडला, बहिणीचा मांडला. अठरा वर्षांत तिनं फिदेन्सिओचा फोटो त्या टेबलावर कधी ठेवला नव्हता, भिंतीवरच असायचा. ह्या वर्षी मी पाण्याचा जार आत ठेवायला गेलो, तर ती तो फोटो भिंतीवरून काढून हातात धरून उभी होती. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन. मी जार तिथंच टेकवला आणि वर जाऊन बॅग भरली. आई, मला दुसरं येतं काय?

सकाळी खाली आलो तर ती अंगणात जवळच्या ज्वालामुखीतून उडून आलेली राख झाडत होती. बॅगेकडे बघून म्हणाली, ‘कुठं?’ आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? ‘सायकलचं पंक्चर काढून येतो.’ तिनं अंगणातल्या सायकलीकडे पाहिलं. तिन्ही चाकं टणक. झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, ‘माझा पोरगा, केस कापून येतो म्हणाला होता.’

मग मी सांगून टाकलं, आईलाही हेच सांगून निघालो होतो, सहा वर्षांत एक ओळ कळवली नाही. ती म्हणाली, ‘बॅग खाली ठेव, मेल्या. माझ्या फाटकाखालून अठरा वर्षं काहीतरी येत तरी होतं. तुझ्या आईच्या फाटकाखालून काय येतं रे?’ आपल्या घराला फाटकच नाही, हे मी तिला सांगितलं नाही. मी पायरीवर बसून रडलो, आई. मोठ्यानं. कुत्रा भुंकायला लागला इतक्या मोठ्यानं. ती आत गेली, फोटो परत खिळ्याला अडकवला, तो तिरका लागला, मी उठून सरळ केला. मग तिनं माझ्या नावाचं बिल माझ्यासमोर टाकलं. म्हणाली, ‘हे माझ्या काय कामाचं? ज्या बाईचं आहे तिला पाठव.’

म्हणून हे पत्र. सोबत बिल जोडलंय. घाबरू नकोस, भरलेलं आहे. आकड्यांकडे बघू नकोस. वर डाव्या कोपऱ्यात नाव आहे ते माझं, ओब्दुलियामावशी तुला बोट ठेवून दाखवेल, आणि खाली पत्ता आहे. माझं नाव आणि एक घर एकाच कागदावर, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालंय. ते तुझ्याकडे ठेव. दर दोन महिन्यांनी पुढचं पाठवीन. ओब्दुलियामावशी, हे वाचताना आई समोर नसेल, कधीच नसेल, तर तू दोन ओळी लिही. पण मला वाटतं ती समोर आहे, आणि तुला म्हणतेय, पुन्हा वाच. आई, राग असेल तर रागाचं पत्र पाठव. पाकिटावर माझं नाव मोठं लिहून घे. ते फाटकाखालून येईल आणि आधी अंपारोमावशीच उचलेल, एप्रनला पुसेल. माझ्या नावाचं पहिलं अक्षर ती आता ओळखायला शिकलीय. तुझं उत्तर येईपर्यंत मी पत्ता बदलणार नाही. मीठ मी स्वतः घेऊन येईन.

तुझाच,
बिलावर नाव आहे तोच,
सेल्विन