टायरच्या दुकानावरचा बाळवर्ग

४ फेब्रुवारी

खोली मिळाली! टायरच्या दुकानाच्या वर. जिना अरुंद, खिडक्या तीन, फरशी गार पण सपाट. भाडं इतकं कमी की सांगताना घरमालकच ओशाळला. "खाली जरा आवाज असतो," म्हणाला. जरा! कॉम्प्रेसर सुरू झाला तेव्हा मला त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. तरी घेतली.

घरी सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "गाद्या वर कोण चढवणार?" धाकटे दीर मात्र सरसावून बसले. "वहिनी, करून बघा. पण मार्चअखेरपर्यंत बस्तान बसलं नाही तर मुकाट्यानं आमच्या ऑफिसात यायचं. बिलांच्या टेबलाची खुर्ची तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय." त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. माणूस मनाचा चांगला, म्हणून तर नाही म्हणता येत नाही. हो म्हणून बसले.

बिलं — आणि मी! आठ वर्षं बाळवर्गांच्या त्या मोठ्या केंद्रात दुसऱ्यानं छापून दिलेली गाणी म्हटली. बाळ हसो वा रडो, ठरल्या वेळी खुळखुळा काढायचा म्हणजे काढायचा. आता माझा वर्ग, माझी पद्धत. पालथं पडणाऱ्यापासून रांगणाऱ्यापर्यंत सगळी बाळं, आयांसकट.

१० फेब्रुवारी

दिवसभर रंगीत फिती कापल्या. साबणाच्या फुग्यांचं पाणी केलं. भिंतीला अगदी जमिनीलगत आरसा लावला. बाळांना स्वतःचं तोंड बघायला फार आवडतं. मोठ्यांसारखंच.

१२ फेब्रुवारी

पहिला वर्ग. चार बाळं, चार आया. गाणं धरलं, फिती हलवल्या, एक बाळ झेपावलंसुद्धा. तेवढ्यात खाली कॉम्प्रेसर गुरगुरायला लागला. फरशी बारीक थरथरते त्यानं. बघते तर पहिलं बाळ पेंगतंय. मग दुसरं. गाणं संपेपर्यंत चारही गाढ! मी फिती हातात धरून उभी.

१३ फेब्रुवारी

पुन्हा तेच. साबणाचा फुगा एकाच्या नाकावर फुटला. पठ्ठ्यानं डोळासुद्धा उघडला नाही.

१७ फेब्रुवारी

टायरवाल्याला विचारलं, "दादा, माझ्या वर्गापुरतं मशीन बंद ठेवता येईल का?" हात पुसत म्हणाला, "ताई, गाड्या काय विचारून पंक्चर होतात होय?" त्याचंही खरंच. वर जाताना जिन्यातच बसले आणि रडून घेतलं. दोन बाळं कमी झालीत. उरलेल्यांना तरी काय शिकवू, झोपेत?

२० फेब्रुवारी

आज घडलं ते नीट लिहून ठेवते.

उरलेल्या दोघींतली एक दंतवैद्य. बाळ झोपलं तसं तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि तीही झोपली. तोंड उघडं टाकून, चक्क घोरत. मध्येच बाळ कुरकुरलं. मी उचललं, खांद्यावर टाकलं, ढेकर काढली, चार फेऱ्या मारल्या. झोपलं परत. बाई वर्ग संपल्यावरच उठली. आधी घाबरून बाळ शोधलं. ते माझ्या खांद्यावर. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. तर म्हणाली, "बाळ झाल्यापासून अशी झोपलेच नव्हते हो मी." मग जरा लाजत, "उद्या उशी आणली तर चालेल?"

घरी येईपर्यंत डोक्यात एकच — अगं बाई, मी गिऱ्हाईकच चुकीचं धरलं होतं!

२४ फेब्रुवारी

पाटीवर 'बाळवर्ग'च्या खाली रंगवून घेतलं: 'आयांनी उशी आणावी.' जाड पडदे शिवले. नियम एकच. दोघी आयांनी पाळीपाळीनं माझ्याबरोबर जागं राहायचं, बाकीच्यांनी खुशाल पाय पसरायचे. रंगारी पाटी रंगवताना दोनदा विचारून गेला, "उशीच ना?"

२७ फेब्रुवारी

सहा जणी! दंतवैद्यबाई म्हणे रुग्णांच्या तोंडात अवजार घालून माझ्या वर्गाचं कौतुक करते. त्यांना नाही म्हणायचीही सोय नाही.

धाकटी जाऊ संध्याकाळी आली होती, आपल्या पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. "ये ना एकदा वर्गाला," म्हटलं. फणकारलीच. "झोपायला पैसे घेता वहिनी? आणि ती ऑफिसातली खुर्ची अशी किती दिवस अडवून ठेवणार?" अडवून! जशी काही मीच मागितली होती. माझं डोकं फिरलं. मीही दोन शब्द ऐकवले. चहा तसाच राहिला.

९ मार्च

दहा जणी. आणि नेमके आज भाऊजी बघायला आले. खाली मशीन गुरगुरतंय, वर दहा बाळं गपगार, आया आडव्यातिडव्या. मी एक बाळ खांद्यावर, एक मांडीवर घेऊन बसलेली. दारातच कुजबुजले, "वहिनी, वर्ग कधी सुरू होणार?"

"चालू आहे," म्हटलं.

बाहेर जिन्यात येऊन म्हणाले, "राग मानू नका. पण हा धंदा खालच्या मशीनचा. तुमचा यात काय?" हसत म्हणाले, पण लागलं. दिवसभर मनातून गेलं नाही.

१६ मार्च

बाजार उठला माझा! टायरवाला सकाळीच जिना चढून वर आला, नवा शर्ट घालून. "ताई, तुम्ही बोलला होतात ना आवाजाचं? नवा कॉम्प्रेसर घेतला. ऐका." ऐकलं. काही नाही. शेजारच्या गल्लीतली सायकलची घंटीसुद्धा ऐकू येत होती. बिचाऱ्याचा चेहरा असा फुललेला की मी म्हटलं, "वा! छानच झालं."

भाऊजींचं बोलणं आठवलं. मशीनचा धंदा, आणि मशीनच गेलं.

बाळं आली. झोपायचं नावच नाही. दहाच्या दहा टक्क जागी. एक आरशाकडे सरपटत निघालं, एक दुसऱ्याचं लाळेरं चोखतंय. आयांना काय सांगावं ते सुचेना. कपाटातून फिती काढल्या, नेहमीच्या आवाजात गाणं धरलं. बाळं अशी गोळा झाली माझ्याभोवती! फितीला हात घालतायत, खिदळतायत. महिनाभर अडकलेला माझा वर्ग आज झाला एकदाचा. नऊ महिन्यांचा एक ठोंब्या, घरीही नुसता बसून असतो असं आई म्हणायची, तो फितीमागे रांगत गेला. पहिल्यांदा!

त्याच्या आईला दाखवायला मागे वळले. ती झोपली होती. सगळ्याच झोपल्या होत्या, पाळीच्या दोघी सोडून. इतक्या गोंधळात, गाण्यात, किंकाळ्यांत! म्हणजे आवाजानं बाळं झोपत होती. आया माझ्या भरवशावर झोपत होत्या.

मूठभर मांस चढलं अंगावर. येताना स्वतःला एक चांगली साडी घेतली.

१७ मार्च

ठोंब्याच्या आईला विचारलं, काल तुम्हाला उठवलं असतं तर बरं झालं असतं का. "छे हो," म्हणाली, "घरी रांगला की संध्याकाळी."

२३ मार्च

सकाळचा वर्ग भरला. दुपारचा सुरू केला. मोठ्या केंद्रातून जुन्या बाईंचा फोन — "परत येतेस का, पगाराचं बघू." म्हटलं, "तुम्हीच या. उशी घेऊन." भाऊजींनाही फोनवर बजावून सांगितलं: मी येत नाही. "बरं," म्हणाले, आणि मग मोठ्यानं हसले. ह्यांनी आज न सांगता गाद्या उन्हात घातल्या.

३० मार्च

धाकटी जाऊ दुपारच्या वर्गाला आली. बाळ माझ्या हातात दिलं आणि आडवी झाली. दीड तास हलली नाही. उठल्यावर केस सारखे करत म्हणाली, "ती खुर्ची मला हवी होती वहिनी. पहिल्यापासून. लग्नाआधी बिलंच करत होते मी. पण ती तुमच्यासाठी ठेवलेली, आणि मला कुणी विचारलंच नाही." मीही नव्हतंच विचारलं. परवापासून ती ऑफिसात, बाळ माझ्याकडे.