वरंधची सव्वापाचची गाडी

शनि. ३ फेब्रु. ७९
सकाळची शाळा सुटल्यावर महाडला तीनचा खेळ. मोरे गुरुजी, मी आणि घरमालकीण पार्वतीकाकी. पिक्चरचं नाव एवढं लांब की तिकिटाच्या खिडकीवरचाही अर्धंच सांगतो. थिएटर रिकामं. चार पोरी, चार पुरुष, आणि ज्याचं मन जिच्यावर ती भलत्याच्याच मागे. मला फार आवडला. त्यातली टायपिस्ट आणि तिच्याच छापखान्यात प्रुफं तपासणारा मुखदुर्बळ माणूस, हे दोघं सगळ्यांत चांगले.

पाच वाजता नेहमीप्रमाणे उठलो. वरंधची शेवटची गाडी सव्वापाचची, त्यामुळे आमच्या बाजूच्या कुणी आजवर एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नाही. शेवट गाडीत ठरतो. कंडक्टर दगडूभाऊ तिकिटं पंच करता करता निकाल देतात. आज त्यांनी टायपिस्ट त्या चौघांतल्या डॉक्टरला देऊन टाकली. काकी भडकल्या. "डाक्तरला काय कमी हाय? त्या गरिबाला कोन हाय गो?" मी काकींच्या बाजूने. मोरे गुरुजी (यापुढे मो., शाई वाचवायला) खिडकीबाहेर बघत. शाळेवर आम्ही दोघंच, तीन वर्षं झाली, आणि हा माणूस माझ्याशी फक्त हजेरीपटाबद्दल बोलतो. पण पिक्चरला एकदाही चुकत नाही. याचा अर्थ काय घ्यायचा?

सोम. ५
मुंबईहून दादाचं पत्र. स्थळ आहे. मुलगा बँकेत, कुर्ल्याला स्वतःची खोली. रविवारी उत्तर लिहून टाक म्हणतो, ते लोक थांबणार नाहीत. नाही म्हणायला कारण एकही नाही. म्हणजे आहे, पण त्या कारणाने अजून तोंड उघडलेलं नाही.

मधल्या सुट्टीत मो.ला मुद्दाम सांगितलं. "चांगलं आहे," म्हणाला आणि फळा पुसायला लागला. फळा कोराच होता.

बुध. ७
टायपिस्टवरून गावात दोन तट. ज्यांनी पिक्चर पाहिला नाही त्याच बायका विहिरीवर जास्त भांडतात. उद्या शेवटचा खेळ, शुक्रवारी नवीन लागणार. मो.समोर एवढंच म्हटलं, तिचं काय झालं ते कळायला हवं होतं. यावर त्याने हजेरीपट उघडला. अशी चिडले की पोरांना दोन पाढे जास्त म्हणायला लावले.

गुरु. ८
मो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून सायकलवरून गेला. तीन वर्षांत पहिली रजा. कारण: खाजगी काम. काकी म्हणतात, मुलगी बघायला गेला असेल. जेवण गेलं नाही.

शुक्र. ९
मो. लंगडत शाळेत. काल महाडला जाऊन पिक्चर शेवटपर्यंत पाहिला, आणि सगळा रस्ता परत सायकलने! पोरं कवायतीला उभी होती, तेव्हा व्हरांड्यात सांगितलं.

"तो विचारतच नाही. ती खूप वाट बघते, मग डॉक्टरशी लग्न करते. पत्रिकेचं प्रूफ यालाच तपासावं लागतं."

मग, म्हटलं.

"मग काय, संपला. मला नाही पटलं." हातातली शिट्टी खिशात घातली. "बाई, दादांना उत्तर गेलं का? गेलं नसेल तर... मी विचारतोय."

आणि तरातरा मैदानात गेला. पोरांना सावधान म्हणाला, विश्राम म्हणायचं विसरला. पोरं तशीच उभी. मीही.

शनि. १०
महाडला शिक्षकांची सभा. मो.शी बोलायला एक क्षण मिळाला नाही, चारी बाजूंनी गुरुजीच गुरुजी. परतीला सव्वापाचची. काकी बाजार करून आलेल्या. दगडूभाऊंना बातमी लागलेली. "मास्तर, तुमी शेवट पायलात म्हनं. सांगा की."

मो. वर्गात राहतो तसा उभा राहिला आणि साफ खोटं सांगायला लागला. डॉक्टर बाजूला होतो, प्रुफवाला धीर करतो, तिला विचारतो.

"मंग? ती काय म्हनली?"

"ते नाही कळलं. सायकल होती, अंधार व्हायच्या आत निघालो."

गाडीत गोंधळ. काकी म्हणाल्या, "अवो मास्तर, येवढं लांब गेलात नि तेवढंच नाय पायलंत?" मो.च्या कपाळावर घाम. माझ्याकडे बघेना.

मी म्हटलं, "ती हो म्हणाली."

"तुमी कुटं पायलात, बाई?"

"नाही पाहिलं. पण हो म्हणाली."

दगडूभाऊ म्हणाले, बाईंचं बरोबर असनार, आणि पुढच्या बाकाकडे वळले. मो. खाली बसला तो काकींच्या भाजीच्या पिशवीवर. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला. केवढा आनंद झालाय, कुठे ठेवू?

रवि. ११
"ति. दादास सा. न. वि. वि." इथवर झालं. कुर्ल्याला नकार, तोही लिहिला. आता याचं नाव लिहायचं. शाळेच्या मासिक पत्रकावर तीन वर्षं दर महिन्याला सहज लिहीत आले, आज हात अडला. काकी त्यांच्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्याला मी हसायचे.

दादा चिडणार. कुर्ल्याच्या लोकांना त्याने बहुतेक शब्दही दिला असेल. त्याच्यापुढे घरात कुणाचं चालत नाही.

दार लावून घेतलं आणि लिहिलं. दत्ताराम. शाई वाळेपर्यंत बघत बसले.